आठवं वचन

"ताई, तोंडातून स्तुतीच निघत नाही. माझा विश्वास मेला का?"

नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत हा प्रश्न फार वेळा येतो. मोठ्या दुखण्यातून उठलेली बाई विचारते, नोकरी गेलेला पोरगा विचारतो. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळे गात असतात आणि यांच्या घशात आवंढा. त्याची लाज वाटते ती वेगळीच. अशा वेळी मी बहुधा एका द्राक्ष बागायतदाराची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच इथे लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निफाड तालुक्यातले हे बंधू, वय पन्नाशीच्या आसपास, तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटणी झालेली, मणी ज्वारीएवढे झालेले. २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. सकाळी उपासनेला जाऊन आले आणि नंतर गारा आल्या. घड फुटले, काड्यांना जखमा झाल्या. सोसायटीचं कर्ज, कृषी सेवा केंद्राची उधारी, मुलीचं शिक्षण, सगळं त्या बागेवरच होतं.

डिसेंबरात त्यांच्याच घरी प्रार्थनासभा होती. कुणीतरी चांगल्या मनाने वाचायला बायबलमधलं १४८ वं स्तोत्र दिलं. सूर्य-चंद्रांनी स्तुती करावी, तारकांनी करावी, समुद्रातल्या प्राण्यांनी करावी, असं वाचत वाचत ते आठव्या वचनाला आले. तिथे अग्नी आहे, हिम आहे, वादळी वारा आहे, आणि गारा आहेत. गारांनीही परमेश्वराचं स्तवन करावं! ते त्या शब्दाशी थांबले, पुस्तक मिटलं आणि उठून गोठ्यात गेले. त्यानंतर घरच्या प्रार्थनेला बसले नाहीत. जानेवारीत बायकोने जवळजवळ ओढतच माझ्याकडे आणलं.

पहिल्या भेटीत स्तोत्राचा विषयच काढला नाही. झोप दोन-तीन तास, जेवण नावाला. मी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" हे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलू लागतो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोनदा वाटलं." त्याच दिवशी भावाला फोन केला, फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे गेली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर बायकोच्या फोनमध्ये घातला आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. गोळ्या सुरू झाल्या. स्तोत्रं गोळ्यांच्या जागी नसतात, हे मी विश्वासणाऱ्यांना दर वेळी सांगते, आणि दर वेळी कुणाला तरी ते आवडत नाही.

दुसऱ्या भेटीत चूक माझी झाली. मी म्हटलं, "छाटणीनंतरच नवी फूट येते ना?" योहानाच्या शुभवर्तमानातला द्राक्षवेल मनात होता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत चुकीचं उत्तर दिल्यावर मास्तर पाहायचे तसं.

"ताई, मंडळीत पण सगळे हेच सांगतात, देव छाटणी करतोय म्हणून. पंचवीस वर्षं छाटणी करतोय मी. छाटणीत डोळा राखतात, नवी फूट येते तो. कात्री कुठे लावायची ते बघून लावतात. गारा डोळा राखतात का?"

मी माफी मागितली. त्या दिवशी बाकी काही काम झालं नाही, आणि तेच बरं झालं.

पुढच्या वेळी मी स्तोत्रसंहिता काढली, पण वेगळ्या बाजूने. या पुस्तकाचं हिब्रू नाव तहिल्लीम, म्हणजे स्तवनं. आत मात्र दीडशेपैकी एक तृतीयांशाहून जास्त स्तोत्रं गाऱ्हाण्यांची आहेत. १३ वं स्तोत्र सहाच वचनांचं, आणि त्यातल्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चारदा. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी 'तरीही मी गाईन' असा दिलासासुद्धा नाही. स्तुतीचा मोठा घोष येतो तो अगदी शेवटी, १४६ ते १५० या पाच स्तोत्रांत. माझं मत स्पष्ट आहे: बाग गेलेल्या माणसाला महिनाभरात १४८ वं हातात देणं म्हणजे पुस्तक शेवटून उघडून देणं. त्याच्या आधी १४७ स्तोत्रं आहेत. त्यातली कितीतरी कुणीतरी रडून लिहिलीत.

मग त्यांना ८० वं स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. आसाफ या जुन्या काळच्या गायकाच्या नावावरचं. देवाने मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, एक द्राक्षवेल आणली, तिच्यासाठी जागा साफ केली, तिने मूळ धरलं, देशभर पसरली. आणि आता तिचं कुंपण मोडलंय, येणारा-जाणारा तोडून खातोय, रानडुक्कर नासधूस करतंय. मी आधीच सांगितलं होतं, की ही वेल म्हणजे इस्राएल लोक, आणि मोडतोड शत्रूंनी केलेली. निफाडच्या गारपिटीचं भाकीत नव्हे. पण बागायतदाराचं वाचन बागायतदाराचंच असतं. "जमीन आधी साफ केली म्हणतोय," ते मध्येच म्हणाले, "लिहिणाऱ्याला बाग माहीत होती." चौदाव्या वचनावर परत थांबले. स्वर्गातून खाली बघ, या वेलीचा समाचार घे, असं ते वचन. दोनदा वाचलं आणि हसले. माझ्या खोलीत पहिल्यांदाच.

"हा तर देवालाच पंचनाम्याला बोलावतोय!"

तो शब्द आमचा झाला. सरकारी पंचनाम्यात काय असतं? किती क्षेत्र, कुठली अवस्था, किती टक्के नुकसान. कुणी पोटतिडकीने रडलं म्हणून त्याला काट बसत नाही. मी म्हटलं, तुमचा पंचनामा देवाकडे लिहून द्या. त्यांनी कागद मागितला नाही, निर्यातीच्या प्लॉटची फवारणीची नोंदवही आणली. तारीख, औषध, प्रमाण, शेरा असे रकाने आखलेले. नोव्हेंबरात नोंदी थांबल्या होत्या, तिथून पुढे. औषधाच्या रकान्यात काही नाही, प्रमाणाच्या रकान्यात काही नाही, शेऱ्याच्या रकान्यात दर दिवशी एक ओळ. 'का?' अशा चार. 'आज उठलो नाही.' 'पोरीच्या फीचं बोललो नाही.' एका ठिकाणी नुसतं 'पंचनामा बाकी.'

अवघड वळण पुढे होतं. ओळीने वाचत ते ७८ व्या स्तोत्रापर्यंत पोचले आणि सत्तेचाळिसावं वचन घेऊन आले. मिसरवर शिक्षा म्हणून आलेल्या पीडांत देवाने त्यांच्या द्राक्षवेली गारांनी मारल्या, असं तिथे आहे. "म्हणजे मी मिसरी का ताई? माझं काय चुकलं?"

हा प्रश्न इतके दिवस खाली दबून होता. स्तुती अडत होती ती रागाने कमी, या भीतीने जास्त. मी विचारलं, गारा आणखी कुणाच्या बागेवर पडल्या? त्यांनी बोटांवर मोजलं. बांधालगतचे दोघे भाऊ, पलीकडची विधवा बाई, माळकरी आजोबा ज्यांनी आयुष्यात कुणाला शिवी दिली नाही. मोजता मोजता हात खाली आला. पुढच्या भेटीला त्यांच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांनी थोडक्यात सांगितलं, की ते स्तोत्र घडून गेलेला इतिहास सांगतं, प्रत्येक गारेमागचं पाप शोधायची चावी देत नाही. मी हेच सांगितलं असतं तर एवढं लागलं नसतं. काही गोष्टी पाळकाच्याच तोंडून ऐकायच्या असतात.

त्यानंतर आमच्यात 'विश्वास वाढला का' हा विषय निघाला नाही. मी एवढंच दाखवलं, की ज्याच्यावर भरवसा उरलेला नाही त्याला कुणी पंचनाम्याला बोलावत नाही. तिथे माणूस अर्जच करत नाही. वहीतली भाषा हळूहळू बदलली. फेब्रुवारीअखेर एका ओळीत लिहिलं होतं, 'आज पोरीने भाकरी केली, जळकी. खाल्ली. आभार.' मी त्यावर काही बोलले नाही.

एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर ते शेवटचे आले. झोप बरी होती, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू होत्या, कर्जाचं पुनर्गठन बँकेत अडकलेलंच होतं. घरी प्रार्थना पुन्हा सुरू झाली होती. काय वाचता, म्हणून विचारलं.

"एकशे अठ्ठेचाळीस. आठव्यात गारा आहेत ना, लगेच नवव्यात फळझाडं आहेत. त्या दिवशी तिथवर गेलोच नव्हतो." मग जरा थांबून म्हणाले, "आठवं मी सोडतो. तेवढं पोरगी वाचते."

"अजून?"

"अजून."