‘ट्रेलर काय आपल्या घरचा आहे?’

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. बारावीत ४८ टक्के पडले, पुढे शिकला नाही. दोन वर्षांपासून एका कंपनीत ट्रेलर चालवतो. व्यसन नाही, वेळेवर जातो. पण गेल्या दोन महिन्यांत त्यानं तीनदा भरलेला ट्रेलर न्यायला नकार दिला. कधी टायर, कधी ब्रेक, कधी लाइट. यार्डचे साहेब म्हणतात, बाकीचे नेतात, यालाच काय होतं? पूर्वीचे ड्रायव्हर पान्यानं स्वतः ब्रेक आवळून गाडी काढायचे, हा मेकॅनिक मागतो. ट्रेलर काय आपल्या घरचा आहे? घराचे हप्ते त्याच्या पगारावर चालू आहेत. त्याला समजवा, नाहीतर डिप्लोमा, परीक्षा असा दुसरा मार्ग तरी सांगा.

(सोबत मुलानं शेवटच्या ट्रेलरमधल्या दोषांची यादी जोडली आहे : मागच्या अ‍ॅक्सलला डावीकडच्या आतल्या टायरला फुगा, मधल्या अ‍ॅक्सलच्या एका ब्रेक चेंबरचा (हवेच्या दाबानं ब्रेक लावणाऱ्या डब्याचा) पुशरॉड (त्यातून सरकणारा दांडा) जास्त बाहेर येतो, एअर कपलिंगच्या (हवेच्या पाइपांच्या जोडाच्या) रबरातून हवा जाते, मागचा उजवा इंडिकेटर बंद, मडफ्लॅप फाटलेला. तिन्ही नकार निघायच्या वेळी तोंडीच दिले, असंही त्यानं लिहिलं आहे.)

उत्तर :

तुमच्या पत्रात ४८ टक्क्यांचा उल्लेख आहे. तो विसरून जा, या प्रकरणात त्याचा काही संबंध नाही. मला खटकलं ते ‘ट्रेलर काय आपल्या घरचा आहे?’ हे वाक्य. ट्रेलर घरचा नाही हे खरं, पण त्याच्या पुढच्या घोड्यात, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत, बसलेला मुलगा घरचा आहे. फुगा आलेला टायर भर वेगात फुटला तर सगळ्यात आधी विचारलं जाणार, गाडी कोण चालवत होतं? आणि त्यानंतर, निघताना बघितलं होतं का? या दोन्ही प्रश्नांना यार्डचे साहेब उत्तर देणार नाहीत. ‘बाकीचे नेतात’ म्हणणारा माणूस त्या वेळी फोनवरसुद्धा सापडत नाही.

दुसरं, जरा कडू लागेल. हप्ते तुम्ही त्याच्या पगारावर बेतलेत आणि त्या हप्त्यांची भीती त्याच्या खांद्यावर ठेवलीत. कामावर जाताना ‘आज भांडू नकोस’ असं घरातून ऐकून निघालेला माणूस टायरखाली वाकून बघतच नाही. बघितलं तर दिसेल, दिसलं तर बोलावं लागेल, बोललं तर घरी ऐकावं लागेल. त्यापेक्षा न वाकलेलं बरं. तुमचा मुलगा एवढं असूनही वाकतो. याला तुम्ही हट्ट म्हणता. मी याला कामाची जाण म्हणेन.

कंपनीच्या ट्रेलरची अडचण अशी की तो कुणाचाच नसतो. घोडा रोजचा असतो, ड्रायव्हरला त्याचा आवाज ओळखीचा असतो, काही बिघडलं तर समोर दिवा लागतो. ट्रेलर आज याच्या मागे, उद्या त्याच्या मागे. ज्यानं आणला तो थकलेला असतो, सोडून निघून जातो. जो नेणार त्याला उशीर झालेला असतो. त्यात उभ्या ट्रेलरमधली हवा उतरते, स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगच्या जोरानं लागणारे) लागलेले राहतात, पावसात चाकाबरोबर फिरणारा ड्रम गंजतो आणि लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) त्याला चिकटतात. मग ट्रेलर निघतो तेव्हा एखादं चाक फिरतच नाही, नुसतं घासत जातं आणि टायरला एका जागी सपाट चट्टा पडतो. म्हणून जोडल्यावर पहिले काही मीटर अगदी सावकाश जायचं आणि आरशात दोन्ही बाजूंची चाकं फिरताहेत का ते बघायचं. यात वेळ जात नाही, पण करणारे थोडे.

आता पान्याबद्दल. ‘पूर्वीचे ड्रायव्हर स्वतः आवळायचे’ हे बरोबर आहे, कारण ब्रेकची ढिलाई काढणारे पूर्वीचे स्लॅक अ‍ॅडजस्टर हातानं आवळायचेच होते. लायनर झिजला की ड्रमपर्यंत पोचायला पुशरॉडला जास्त बाहेर यावं लागतं. ती वाढलेली चाल पान्यानं कमी करायची. आता बऱ्याच ट्रेलरना ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर असतात, ते ब्रेक मारता मारता स्वतःच जुळवून घेतात. तरीही पुशरॉड जास्त येत असेल तर त्याचा अर्थ ‘आवळायचं राहिलं’ असा नाही. काहीतरी बिघडलं आहे : अ‍ॅडजस्टर मेला असेल, क्लेव्हिस पिन झिजली असेल, एस-कॅमचं बुश गेलं असेल किंवा ड्रमच झिजला असेल. पान्यानं आवळलं की चाल त्या दिवसापुरती बरोबर दिसते, मूळ दोष आत तसाच राहतो, काही दिवसांत ब्रेक परत ढिला. वर पान्यानं अ‍ॅडजस्टरच्या आतलं क्लच खराब होऊ शकतं ते वेगळंच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेन रॉक इथे एप्रिल २००३ मध्ये एका डंपरचा अपघात झाला. त्याच्या तपासानंतर तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं नेमक्या याच सवयीबद्दल इशारा दिला : ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर हातानं आवळत राहणं धोक्याचं आहे, त्यानं खरा बिघाड झाकला जातो. तेव्हा मेकॅनिक मागणारा तुमचा मुलगा बरोबर आहे आणि पान्याची आठवण काढणारे जुन्या गाडीबद्दल बोलताहेत.

हा दोष मोजल्याशिवाय यार्डात कळत नाही, तिथेच सगळे फसतात. ३० नंबरच्या साध्या चेंबरची पूर्ण चाल अडीच इंचांची असते आणि दोन इंचांपर्यंतच ती चालवून घेतात. त्यापुढे चेंबरचा जोर झपाट्यानं पडतो. यार्डात थंड ड्रमवर ब्रेक लागल्यासारखा वाटतो. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, पुशरॉडला आणखी बाहेर यावं लागतं आणि चाल संपते. पाय दाबलेलाच असतो, त्या चाकाला मात्र ब्रेक नसतो. त्याचा भार बाकीच्या चाकांवर पडतो, मग ती तापतात.

मोजायची पद्धत सोपी आहे. चाकांना ठोकळे लावा, पार्किंग ब्रेक सोडा, हवा ९० ते १०० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) असताना इंजिन बंद करा. पुशरॉड चेंबरमधून जिथे बाहेर येतो तिथे खडूनं खूण करा. दुसऱ्या माणसाला पॅडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि खूण किती सरकली ते पट्टीनं मोजा. चेंबर लाँग-स्ट्रोक (जास्त चालीचा) असेल तर मर्यादा वेगळी असते, म्हणून आधी चेंबरवरचा शिक्का वाचा. मोजणं ड्रायव्हरनं जरूर करावं, पण स्प्रिंग ब्रेक चेंबरचा क्लॅम्प त्यानं कधीही सोडू नये. आतली स्प्रिंग दाबलेली असते. ती सुटून माणसं मेली आहेत.

एवढं वडिलांशी. आता थोडं मुलाशी, कारण चूक त्याचीही आहे.

तुझी यादी वाचली. पाच दोष एकाच दमात, एकाच सुरात. टायरचा फुगा आणि फाटलेला मडफ्लॅप शेजारी शेजारी. ऐकणाऱ्या साहेबाला वाटतं, याला जायचंच नाहीये. तुझ्या पाचमधले दोनच दोष असे आहेत की ट्रेलर जागचा हलू नये : टायरचा फुगा आणि दोन इंचांपुढे गेलेला पुशरॉड. फुगा म्हणजे आतले दोर तुटलेत, हवा बरोबर असली तरी तो टायर संपलेला आहे. कपलिंगचं रबर पाच मिनिटांत बदलतं, ती रबरं खिशात ठेवायची वस्तू आहे. फक्त बदलल्यावर गळती तपास : हवा पूर्ण भरून, इंजिन बंद करून, पॅडल दाबून एक मिनिट धर. पॅडल दाबताच काटा एकदम खाली येतो, तेवढं सोडून घोडा आणि ट्रेलर मिळून त्या मिनिटात ४ पीएसआयपेक्षा जास्त हवा गेली, तर गळती आणखी कुठेतरी आहे. इंडिकेटर बंद म्हणजे बरेचदा प्लगमधला गंज किंवा अर्थिंग. प्लग साफ कर, तरी लागला नाही तर तोच घोडा दुसऱ्या ट्रेलरला लावून बघ, म्हणजे दोष पुढे आहे की मागे ते कळतं. दुरुस्त झाल्याशिवाय निघू नकोस, पण यासाठी फेरी रद्द करायची गरज नसते. मडफ्लॅपची नोंद कर आणि जा. फक्त तो टायरला घासत नाही ना, एवढं बघ.

दुसरी गोष्ट, तू सगळं तोंडी सांगतोस आणि तेही नेताना, म्हणजे गाडी निघायच्या वेळी. त्या वेळी कुठलाही साहेब चिडणारच. दोष कळवायची खरी वेळ ट्रेलर सोडताना असते. मग वर्कशॉपला रात्र मिळते. सोडताना हवेच्या लाल पाइपच्या कपलिंगला चिठ्ठी बांध, म्हणजे दुसरा कोणी अंधारात जोडायला आला तरी त्याच्या हाताला आधी ती लागेल. आणि ‘ब्रेक बरोबर नाही’ असं लिहू नकोस, त्यावर मेकॅनिकला काहीच करता येत नाही. असं लिही : ‘ट्रेलर नंबर अमुक, मधला अ‍ॅक्सल, उजवी बाजू, ३० नंबर साधा चेंबर, ९५ पीएसआयला चाल सव्वादोन इंच, तारीख, वेळ.’ नंबर ट्रेलरचा लिहायचा, घोड्याचा नाही. ही चूक सर्रास होते, मग वर्कशॉप भलत्याच गाडीखाली शिरतं. टायर असेल तर पुढून कितवा अ‍ॅक्सल, डावा की उजवा, आतला की बाहेरचा. फोटो दोन : एकात ट्रेलरचा नंबर आणि दोष असलेली बाजू, दुसरा जवळून.

‘घेऊन जा, नंतर बघू’ असा फोन आला की वाद घालू नकोस. लेखी कळव : ‘हा दोष असताना हा ट्रेलर हलवणार नाही. मी कामावर हजर आहे, दुसरा ट्रेलर द्या किंवा मेकॅनिक पाठवा.’ यातलं मधलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तू ट्रेलर नाकारतो आहेस, काम नाही, हे कागदावर दिसलं पाहिजे. तीन वेळा नाकारलंस त्यातलं एकही लेखी नाही. उद्या ‘हा कामचुकार आहे’ असं कोणी म्हटलं तर दाखवायला तुझ्याकडे काय आहे?

आणि एवढं बारीक बघणाऱ्या माणसाच्या यादीत किंगपिनचा (ट्रेलरला घोड्याशी जोडणाऱ्या खिळीचा) उल्लेख नाही, याचं नवल वाटलं. जोडल्यावर ओढून बघत असशील, ठीक. पण किंगपिन फिफ्थ व्हीलच्या (घोड्यावरच्या ज्या प्लेटवर ट्रेलर टेकतो तिच्या) जबड्याच्या वर बसलेली असली तरी ओढण्याची चाचणी पास होऊ शकते. ट्रेलर उंच राहिला असेल तर हे होतं, आणि मग पहिल्या खड्ड्यात तो सुटतो. मागून टॉर्च मारून फिफ्थ व्हीलची प्लेट आणि ट्रेलरचा तळ यांत फट नाही ना, आणि जबडा किंगपिनच्या मानेभोवती मिटला आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं. लँडिंग लेग (सुटा ट्रेलर उभा ठेवणारे पाय) त्यानंतरच वर घ्यायचे.

दुसऱ्या मार्गाचं विचारलंत. ऑटोमोबाइल डिप्लोमा करून वाहन निरीक्षकाची परीक्षा देता येते, त्याला वाटलं तर द्यावी. पण तिथे जाऊन तो करणार काय? दुसऱ्यांच्या ट्रेलरखाली वाकून हेच दोष शोधणार. ज्या कामासाठी आज त्याला घरी बोलणी बसतात, त्याच कामाची तिथे परीक्षा घेतात. परीक्षेशिवायही वाट आहे. ट्रेलर तपासून यार्डातून सोडणारा माणूस, ताफ्याच्या देखभालीचं वेळापत्रक बघणारा, नवीन ड्रायव्हरना शिकवणारा, ही कामं ड्रायव्हरमधूनच वर आलेल्यांना चांगली जमतात. त्यासाठी दाखवायला लागतं ते दोषांचं नीट लिहिलेलं रजिस्टर. ते त्यानं आजपासून स्वतःच्या वहीत सुरू करावं.

तीन महिने असं लेखी कळवूनही तोच टायर, तोच चेंबर परत परत समोर येत असेल, तर नोकरी बदलावी. नवीन ठिकाणी पगाराआधी विचारावं : ड्रायव्हरनं लिहिलेला दोष दुरुस्त झाला अशी सही कोण करतं, आणि ती नोंद पुढच्या ड्रायव्हरला बघायला मिळते का? उत्तर देताना समोरचा अडखळला तर पुढचं विचारायची गरज नाही. हप्त्यांसाठी तुम्ही एक-दोन महिन्यांची सोय बाजूला ठेवा, म्हणजे हा निर्णय त्याला घाईत घ्यावा लागणार नाही.

आणि तो फुगा आलेला टायर. तुमच्या मुलानं नकार दिला म्हणून ट्रेलर यार्डातच उभा असेल असं नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी मागे लागून गेला असेल. नंबर त्याला पाठ असेल. आज संध्याकाळी त्याला बसवून तो लेखी कळवायला लावा, आणि तो लिहीत असताना ‘आपल्याला काय करायचंय’ असं म्हणू नका.