खोल मुळ्यांचे वाण: ऊस आणि शाळू यांना एकच उत्तर लागू पडत नाही

अथणीकडील आपल्या दोन्ही रानांचे वर्णन वाचले. कृष्णाकाठच्या दोन एकरांत पाणी आणि युरिया वाढवूनही उसाचा खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) दरवर्षी घटत आहे, आणि वरच्या कोरडवाहू काळ्या रानात शाळू (रब्बी ज्वारी) व हरभरा ऐन दाणे भरताना वाळतात. तेव्हा मुळ्या खोल जाणारे वाण घेतल्यास दोन्हीकडचा प्रश्न सुटेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते कोरडवाहू रानात याचा थोडाफार उपयोग होईल, पण उसाच्या रानात अडचण वाणाची नसून मुळीला खाली उतरू न देणाऱ्या जमिनीची असावी.

खोल मुळीचा जो बोलबाला आहे, त्यामागे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या जोनाथन लिंच यांचे काम आहे. त्यांनी २०१३ मध्ये मक्यासाठी आदर्श मुळीची कल्पना मांडली: सरळ खाली उतरणारी, खोल आणि स्वस्त. यांतला ‘स्वस्त’ हा शब्द आपण सहसा सोडून देतो. मुळी वाढवायला आणि जगवायला पिकाला पानांत तयार झालेली साखर खर्च करावी लागते. ज्या मुळीच्या सालीत हवेच्या पोकळ्या अधिक आणि जिवंत पेशी कमी, ती तेवढ्याच खर्चात अधिक खोल जाते. शिवाय ही कल्पना पाणी आणि नत्र यांच्यापुरती आहे. नत्राचे विरघळणारे रूप, म्हणजे नायट्रेट, पाण्याबरोबर खाली झिरपते, म्हणून त्याच्या मागे खोल जाणे फायद्याचे ठरते. स्फुरद (फॉस्फरस) मात्र टाकले तिथेच मातीला धरून राहते आणि मुळीकडे फार तर काही मिलिमीटर सरकते. त्यामुळे स्फुरद कमी असलेल्या जमिनीत घेवड्याचे उथळ, पसरट मुळ्यांचे वाण सरस ठरल्याचे लिंच यांच्याच गटाच्या अभ्यासांत दिसले आहे. (हरभऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या पानांवरची आंब आपण सगळेच जाणतो; तशीच आम्ले त्याची मुळीही मातीत सोडते आणि काळ्या रानातले चुन्याशी बांधलेले स्फुरद मोकळे करून घेते.)

आता आपल्या शाळू-हरभऱ्याबद्दल. रब्बीत ही पिके पावसाळ्यात साठलेल्या ओलीवरच उभी असतात, आणि ती ओल ठरावीकच असते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत उंच नळकांड्यांत माती भरून, ती वेळोवेळी वजन करून, कोणत्या हरभऱ्याने कोणत्या आठवड्यात किती पाणी घेतले हे मोजले गेले. शेवटच्या टप्प्यात ताण बसला तेव्हा जे वाण तग धरून राहिले, त्यांचे वैशिष्ट्य मुळ्यांची खोली किंवा पसारा नव्हते. त्यांनी सुरुवातीला पाणी जपून वापरले होते आणि दाणे भरताना त्यांच्यासाठी ओल शिल्लक होती. ऑस्ट्रेलियात गव्हावर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दाणे भरण्याच्या काळात खालच्या थरातून मिळालेल्या प्रत्येक जादा मिलिमीटर पाण्यामागे हेक्टरी सुमारे ५९ किलो धान्य वाढले. म्हणून पेरणी दाट करून आणि सुरुवातीलाच भरपूर नत्र देऊन पिकाची पाने लवकर माजवली, तर खोल मुळीचा वाणही जमिनीतली ओल फुलोऱ्याआधीच संपवून बसतो. आपल्या वर्णनातला हिरवागार शाळू संक्रांतीनंतर एकाएकी मान टाकतो, त्याचे कारण मला हेच वाटते.

उसाच्या बाबतीत मी स्वतःचीच चूक सांगतो. निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी माझे रान आहे. खोडवा पिवळा पडू लागला की युरिया टाकायचा आणि पाट सोडायचा, असे मी बरीच वर्षे केले. शेवटी एका तोडणीनंतर बुडख्याला लागून तीन फुटांचा खड्डा घेतला, तेव्हा पांढरी मुळी जेमतेम सव्वा फुटापर्यंत दिसली. त्याखाली नांगराच्या फाळाने आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबलेला थर होता, आणि त्यावर तपकिरी, कुजकट मुळ्या आडव्या पसरल्या होत्या. रान वापशावर येतच नसेल, म्हणजे जादा पाणी निचरून मातीत हवा खेळतच नसेल, तर मुळीला हवा मिळत नाही, आणि साचलेल्या पाण्यात नत्राचा काही भाग वायू होऊन उडून जातो, काही नायट्रेटरूपाने खाली निघून जातो. खोडव्यात याचा फटका अधिक बसतो, कारण जुन्या मुळ्या हळूहळू मरतात आणि नव्या फुटव्यांना आपल्या मुळ्या नव्याने सोडाव्या लागतात.

यंदा तोडणी झाल्यावर आपणही दोन ठिकाणी असा खड्डा घ्यावा, त्याची एक बाजू फवारणी पंपाने हळूहळू धुवावी आणि पांढरी मुळी कुठे थांबते ते पट्टीने मोजावे. कठीण थर आढळला, तर खोडवा मोडून उन्हाळ्यात, रान पूर्ण सुकल्यावर खोल नांगरट करावी. ओल्या रानात केल्यास थर आणखी घट्ट होतो. दोन-अडीच फुटांवरच पाणी झिरपून आले, तर निचऱ्याशिवाय वाण बदलणे आणि खत वाढवणे दोन्ही व्यर्थ आहे, आणि जमिनीखाली पुरलेल्या सच्छिद्र नळ्यांचा निचरा एकट्या दोन एकरांत नीट साधत नाही. त्याचे पाणी नाल्यापर्यंत न्यायला शेजाऱ्यांना सोबत घ्यावे लागते. तळची माती वेगळी काढून तिची क्षारता आणि सोडियमही तपासून घ्यावे. पाणी किती फुटांवर लागले एवढे कळले, तर पुढच्या लागणीच्या सऱ्या किती अंतरावर काढाव्यात आणि ठिबकवर खर्च करावा की नाही, याबद्दल मला अधिक नेमके सांगता येईल.