दुसरी धार काढली आणि सुरी खंजीर ठरली

प्रश्न: मी मूळचा नाशिकचा, सध्या स्पेनमधल्या वालेन्सियात आयटीत आहे. पाच वर्षांत इथल्या अल्बासेते शहरात बनलेल्या वीसेक सुऱ्या जमवल्या. घडीच्या नाहीत, सगळ्या सरळ, पक्क्या पात्याच्या. मुठी बदलणं, पात्याला नवा आकार देणं हा माझा छंद. साडेदहा सेंटिमीटरच्या एका टोकदार शिकारी सुरीच्या पाठीला ग्राइंडरवर दुसरी धार काढली आणि म्यान शिवणाऱ्याकडे निघालो. ती गाडीच्या दाराच्या कप्प्यात होती. नाकाबंदीत ग्वार्दिआ सिव्हिलने (इथलं एक पोलीस दल) जप्त केली. आता ६०१ युरो दंडाची नोटीस आली आहे. १५ दिवसांत भरला तर निम्मा. भरू की लढू? घरी अशीच आणखी एक आहे. पुढच्या वर्षी नाशिकला परतताना बाकीच्या नेता येतील का?

उत्तर: आधी मला एक सांगा, ती पाठ कागद कापते का? सगळं प्रकरण त्यावर फिरतं.

तुमच्यासारख्या बऱ्याच हौशी लोकांच्या डोक्यात '११ सेंटिमीटर' एवढाच आकडा असतो, आणि तोही उलटा. स्पेनच्या १९९३ च्या शस्त्र नियमावलीत (राजादेश १३७) ११ सेंटिमीटरहून लांब पात्याचे घडीचे चाकू घराबाहेर नेता येत नाहीत. शोभेसाठी किंवा संग्रहासाठी घरात ठेवता येतात. सरळ पात्याच्या सुरीला अशी लांबीची मर्यादाच नाही, सज्ञान माणूस ती बिनपरवाना विकत घेऊ शकतो. पण त्याच नियमावलीच्या चौथ्या कलमात 'पुन्याल', म्हणजे खंजीर, पूर्ण बंद आहे. खंजिराची व्याख्याही तिथेच दिली आहे: पातं ११ सेंटिमीटरपेक्षा कमी, धारा दोन आणि टोक अणकुचीदार. म्हणजे रानडुकराच्या शिकारीत जखमी जनावराला संपवायची हातभर दुधारी सुरी दुकानात राजरोस मिळते, आणि तिची साडेदहा सेंटिमीटरची धाकटी बहीण निषिद्ध ठरते. विचित्र वाटेल, पण छोटं दुधारी पातं कपड्यांत लपतं, कारण तेच असावं असं मला वाटतं. तुम्ही दुकानातून आणली तेव्हा ती सुरी होती. खंजीर ती तुमच्या ग्राइंडरवर झाली.

म्हणून धारेचा प्रश्न विचारला. पुष्कळ शिकारी सुऱ्यांच्या पाठीला टोकाजवळ नुसता उतार दिलेला असतो, तो कापत नाही. तुमच्या सुरीचं तसंच असेल तर पात्याची तज्ज्ञांकडून तपासणी मागा आणि लेखी म्हणणं द्या. १५ दिवसांची मुदत त्यासाठीही आहे. मात्र दंड भरलात की प्रकरण तिथेच मिटतं, मग म्हणणं मांडायला जागा उरत नाही. (दोन्ही एकदम करायला निघालेले अशील मी पाहिले आहेत.)

पण तुम्ही स्वतःच 'दुसरी धार काढली' असं लिहिलंय. तसं असेल तर माझा सल्ला सरळ आहे: ३०० युरो ५० सेंट भरा आणि हात जोडा. २०१५ च्या नागरी सुरक्षा कायद्यात निषिद्ध शस्त्र बाळगून बाहेर फिरणं गंभीर नियमभंगांच्या यादीत आहे. त्याचा दंड ६०१ पासून ३०,००० युरोपर्यंत जातो. तुम्हाला सगळ्यात खालचा लागलाय. आणि हा प्रशासकीय दंड आहे, फौजदारी नोंद नाही. फौजदारी संहितेच्या ५६३ व्या कलमात निषिद्ध शस्त्र बाळगण्याला एक ते तीन वर्षांची कैद आहे. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००४ मध्ये हे कलम आवळून ठेवलं: शस्त्र खरोखर घातक हवं आणि परिस्थितीतून लोकांच्या सुरक्षेला धोका दिसायला हवा, नाहीतर विषय दंडापुरताच. म्हणून तुम्ही वाचलात. तुमच्या निवास परवान्याचा विचार केला तर फौजदारी शिक्षा महागात पडली असती. दोन वर्षांत असंच पुन्हा घडलं, तर मात्र इतक्या स्वस्तात सुटाल असं समजू नका.

आणि दाराचा कप्पा! एकधारी सुरीसुद्धा तिथे ठेवली असती तर शस्त्र नियमावलीचं १४६ वं कलम आडवं आलं असतं. घर, कामाची जागा किंवा संबंधित खेळ वगळता धारदार हत्यारं बाहेर नेऊ नयेत असं ते म्हणतं, आणि गरज होती की नाही हे अंमलदाराच्या विवेकावर सोडतं. म्यानवाल्याकडे जायचं असेल तर सुरी कापडात गुंडाळून, डब्यात बंद करून मागच्या डिकीत ठेवा आणि त्याचा मेसेज किंवा पावती जवळ असू द्या. 'फळं कापायला ठेवलीय' असलं काही सांगू नका, नाकाबंदीवर ते रोज ऐकतात.

घरातली दुसरी सुरी पाठ बोथट करून ठेवून देण्याचा मोह होईल. कायद्याने ती मग साधी सुरीच. तरी तुमची फाइल उघडी असताना मी ती वकिलामार्फत ग्वार्दिआ सिव्हिलच्या शस्त्र विभागात जमा करा म्हणेन. एका सुरीपायी झोप घालवू नका. मुठी हव्या तेवढ्या बदला, त्याला कुणाची हरकत नाही.

आता नाशिक. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं वेगळ्या वर्गात येतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. अशा शस्त्राला देशात आणायला त्या कायद्याच्या दहाव्या कलमाखाली परवाना लागतो. म्हणून तुमच्या सुऱ्या टेपने मोजा, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असतील त्या तिथेच विकून टाका. उरलेल्या सुऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिनमध्ये चुकूनही नको, आणि कस्टम्सला स्वतःहून दाखवा. घरी आल्यावर त्या घरातच ठेवा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली शहरांत वरचेवर मनाई आदेश निघतात, आणि त्यात चाकूचं नाव असतं.

ज्यांच्या मुठी शिंगाच्या आहेत, त्या वेगळ्या काढा. स्पेनमध्ये लाल हरणाचं शिंग सर्रास वापरतात, पण भारतात सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला नुसत्या नजरेने दोन्हींतला फरक कळायचा नाही. मुठी बदलायची तुम्हाला हौस आहेच, तर निघण्याआधी त्यांना ऑलिव्हच्या लाकडाच्या बसवा.