आधी पाळीची तारीख विचार

अनेक आशीर्वाद.

गरोदर बायांना सल्ला द्यायला बसशील तेव्हा "घरात प्लास्टिक किती आहे?" इथून सुरुवात करू नकोस. शेवटची पाळी कधी आली ते विचार, त्यावरून गर्भ किती आठवड्यांचा ते कळतं. संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) कामात ढवळाढवळ करणाऱ्या, प्लास्टिकमध्येही असणाऱ्या रसायनांबाबत मात्रेइतकाच आठवडा महत्त्वाचा असतो.

डीईएसची हकिकत नीट समजून घे. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत हे कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, लाखो गरोदर स्त्रियांना दिलं गेलं. त्याने गर्भपात टळत नाही हे १९५३ च्या शिकागोतल्या चाचणीत दिसलं, तरी ते चालूच राहिलं. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी योनीचा दुर्मीळ कर्करोग झालेल्या ८ तरुणींची माहिती मांडली. त्यांतल्या ७ जणींच्या आयांनी पहिल्या तिमाहीत डीईएस सुरू केलं होतं. गोळी आईने घेतली आणि आजार उमटला मुलीत, ती वयात आल्यावर. डब्या-बाटल्यांतून शरीरात जाणारी मात्रा त्या गोळ्यांच्या मानाने फार कमी असते, म्हणून ही हकिकत सांगून कुणाला घाबरवू नकोस. तुला स्वतःला ती माहीत हवी.

साधारण ८ ते १४ आठवड्यांत मुलाच्या गर्भातलं टेस्टोस्टेरॉन त्याची जननेंद्रियं घडवतं. मऊ पीव्हीसी प्लास्टिक आणि सुगंधी प्रसाधनांतली थॅलेट्स नावाची काही रसायनं नेमकं तेच कमी करतात. प्राण्यांत हे स्पष्ट दिसलंय, माणसांतही तसे संबंध आढळलेत. बऱ्याच जणी नाव नोंदवायला येतात तोवर हा काळ सुरू झालेला असतो. म्हणून फॉलिक ॲसिडबद्दल विचारायला येणाऱ्या नवविवाहितेशीच हे बोल.

गर्भाच्या मेंदूचं गणित थायरॉइडवर आहे. जवळपास निम्मे दिवस भरेपर्यंत गर्भ मुख्यतः आईच्याच थायरॉइड संप्रेरकावर वाढतो, आणि ते बनवायला आयोडीन लागतं, रोज २५० मायक्रोग्रॅम. विडी-सिगारेटच्या धुरातून शरीरात तयार होणारं थायोसायनेट आयोडीनची वाट अडवतं. घरात कोण ओढतं ते विचारच. "आम्ही आता सैंधवच वापरतो" असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर त्यात पुरेसं आयोडीन नसतं हे सांगून रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ परत आणायला सांग.

स्वयंपाकघरात चार गोष्टी बघ: गरम, तेलकट, आंबट आणि बराच वेळ. या एकत्र आल्या की प्लास्टिकमधलं रसायन अन्नात जास्त उतरतं. कढत आमटी स्टीलच्या डब्यात, लोणचं चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत. कोरडी डाळ प्लास्टिकच्या डब्यात असली तर असू दे, त्यावर शक्ती घालवू नकोस. पाण्याचे २० लिटरचे जार पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे बीपीए या रसायनापासून बनलेल्या कडक प्लास्टिकचे असतात, ते उन्हात नकोत. "बीपीए-मुक्त" लिहिलेल्या डब्यात बीपीएचाच भाऊ बीपीएस असू शकतो, तेव्हा जास्त पैसे मोजून तो घेण्यापेक्षा स्टील बरं. गल्ल्यावर बसणारीला पावतीवर नखाने ओरखडा काढायला सांग. काळी रेघ उठली तर कागद थर्मल, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छपाई होणारा आहे, आणि त्यावर बहुधा बीपीए किंवा बीपीएस असतं. सॅनिटायझर लावून ओल्या हाताने अशी पावती धरली की ते त्वचेतून जास्त आत जातं.

शेतकऱ्याच्या घरी मात्र डब्यांआधी फवारणीचं विचार. फवारणीचे कपडे गरोदर बाईने धुवायचे नाहीत, ते घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. औषधाचा रिकामा कॅन कितीही विसळला तरी पाण्याला वापरायचा नाही. शहरात हाच प्रश्न वाळवीच्या औषधाचा; ते काम बाळंतपणानंतरही लगेच नको.

पाचव्या महिन्यात आलेली बाई रडवेली होऊन "आता उशीर झाला का?" विचारेल. बीपीए आणि थॅलेट्स बहुतांशी एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात, त्यामुळे आज केलेला बदल याच आठवड्यात शरीरात दिसतो, हे तिला सांग. डीडीटी या कीटकनाशकासारखी रसायनं मात्र चरबीत वर्षानुवर्षं राहतात. ती काढायला उपास किंवा वजन उतरवण्याचा सल्ला देऊ नकोस, चरबी झपाट्याने वितळली की ती रक्तात येतात. त्यांच्या भीतीने अंगावरचं दूध तोडायलाही कुणाला सांगू नकोस.