नवी फर्नेस बसवल्यापासून चिमणीच्या विटांना ओल आणि लोणा का लागला आहे?

तुम्ही लिहिलंय की मागच्या हिवाळ्यात घर गरम करणारी जुनी गॅस फर्नेस काढून जास्त कार्यक्षमतेची बसवली, तिचा पांढरा पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर काढला, आणि आता जुन्या विटांच्या चिमणीवर पांढरे डाग आलेत, गॅसच्या वॉटर हीटरच्या धुराच्या पाइपला गंज चढलाय. छप्पर गळत नाही, तरी पाणी कुठून येतं?

सगळ्यात आधी बेसमेंटमध्ये आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे अलार्म चालू आहेत ना ते बघा. नसतील तर आजच आणा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

मिशिगनमधल्या आमच्या विटांच्या घरात अगदी हेच झालं होतं. मीही दोन महिने छपरावर संशय घेत बसलो. पाणी येत होतं ते आगीतून. थंड पातेलं गॅसवर ठेवलं की सुरुवातीला त्याच्या बुडाला बाहेरून दव धरतं, ते आठवा. नैसर्गिक वायू जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक घनमीटर गॅसमागे दीड किलोहून थोडं जास्तच. धूर गरम असेपर्यंत ही वाफ निमूट निघून जाते, पण ५५ अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याखाली उतरली की पाणी होऊन भिंतीला चिकटते.

जुनी फर्नेस बरीच उष्णता चिमणीत वाया घालवायची. त्याच उष्णतेवर चिमणी कोरडी राहायची आणि वॉटर हीटरचा धूरही वर ओढला जायचा. आता त्या भल्यामोठ्या पोकळीत हीटरची एकट्याची छोटीशी ज्योत उरली. बाहेर उणे दहा अंश असताना घराबाहेरच्या बाजूला असलेली ती चिमणी तिच्याने तापत नाही. तिथले मेकॅनिक अशा हीटरला ‘ऑर्फन’ म्हणतात, अनाथ. शब्द अगदी नेमका आहे.

हे पाणी साधंही नसतं. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं विरघळून ते आम्लधर्मी होतं. हीटरजवळ ब्लीच किंवा पेंट काढायचं द्रावण ठेवलं असेल तर क्लोरीनयुक्त वाफा ज्योतीत जाऊन हायड्रोक्लोरिक आम्लही तयार होतं. आमच्याकडे वॉशिंग मशीन शेजारीच होतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपला भोकं पडली, दरजांमधला चुना भुसभुशीत झाला, आणि आतल्या मातीच्या नळ्यांचे तुकडे खाली पडून साचले. मला खरी भीती या तुकड्यांची वाटते: वाट तुंबली की धूर घरात परततो.

म्हणून विटांवर वॉटरप्रूफिंग थापू नका, ओल आतून आहे. परवानाधारक माणसाला बोलावून चिमणी तळापासून साफ करून घ्या आणि हीटरच्या मापाचा धातूचा लाइनर, म्हणजे धूर वर नेणारी नळी, चिमणीच्या आत सोडायला सांगा. नाहीतर पंख्याने धूर भिंतीतून बाहेर टाकणारा पॉवर-व्हेंट हीटर घ्या. तो महाग पडतो, पण चिमणीचा प्रश्नच मिटतो. हीटरपासून चिमणीकडे जाणारा पाइप दर फुटाला पाव इंच तरी चढता हवा. ब्लीचच्या बाटल्या दुसरीकडे हलवा.

नव्या फर्नेसच्या पीव्हीसी पाइपात पाणी दिसलं तर मात्र घाबरू नका. ती वाफेचं पाणी करूनच उष्णता वाचवते. पाइपचा उतार फर्नेसकडे आणि निचऱ्याची नळी मोकळी, एवढं पाहा.

फर्नेस बसवणाऱ्याने आम्हाला हीटरबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता, याचा राग अजून आहे. लाइनर टाकल्यावर गंज थांबला, पण विटा पुरत्या सुकायला जुलै उजाडला. दरजा आम्ही त्यानंतरच भरून घेतल्या.