‘मी’ असा वेगळा कुणी नसतोच, हे स्वतःला प्रश्न विचारून खरंच कळतं का? आणि कळलंच तर मग संसार, देणीघेणी, जबाबदाऱ्या कुणी निभवायच्या?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग वाचून पुढं सरकणार होतो, पण दुसरा भाग वाचला आणि डोकं फिरलं. जवळजवळ ह्याच शब्दांत आमच्या दादानं मला भर बैठकीत विचारलं होतं आणि सगळे पाहुणे खो खो हसले होते. त्यामुळे हे उत्तर तुम्हाला कमी आणि त्याला जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या भागाचं उरकून घेतो. हो, कळतं. शोधायला गेलं की सापडत नाही, एवढंच कळतं. उजेड पडत नाही, कुंडलिनी-बिंडलिनी काही हलत नाही, दुसऱ्या दिवशी दूधवाल्याचे पैसे द्यायचे असतात ते असतातच.

मला हे शिकवलं मिरजेतल्या एका काकांनी. रेल्वेतून रिटायर झालेला साधा माणूस, गळ्यात माळ नाही, घरात कुणा महाराजांचा मोठा फोटो नाही, फी तर नाहीच. मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो, संध्याकाळी सुटलो की गाडी मिरजेकडं. काकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, ह्यातनं तुला काय मिळेल असं वाटतंय ते सगळं सांग. मी सांगितलं, राग जाईल, झोप लागेल, मन शांत होईल, लोक काय म्हणतील ह्याची पर्वा राहणार नाही. ते म्हणाले, “हे सगळं खोड. ही यादी घेऊन शोधायला बसलास तर यादीच शोधत बसशील.” मग प्रश्न सुरू. आत्ता डोळे मीट आणि ‘मी’ कुठं बसलाय ते बोट लावून दाखव. मी कपाळाकडं बोट नेलं. तिथं नक्की काय लागतंय हाताला? थोडा दाब, थोडी उष्णता. हा दाब म्हणजे तू का? नाही, मी तो दाब बघतोय. मग बघणारा दाखव. की पुन्हा छातीत काहीतरी, पुन्हा एक विचार, पुन्हा एक दाब. असं तासभर.

पुस्तकातलं बोललो की गडी चिडायचा. मी एकदा ‘साक्षी’ म्हणजे आतला नुसता बघणारा असं म्हटलं तर म्हणाले, तो शब्द तू ऐकलायस, आत्ता काय दिसतंय ते सांग. विचारांचं पण तसंच. गप्प बस आणि पुढचा विचार कुठला येणार ते आधी सांग. सांगता येत नाही, करून बघा. आल्यावरच कळतं आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार येतो की हा मी केला. चहा का कॉफी, एक निवड, आणि निवडायच्या त्या क्षणाला निवडणारा पकड. निवड होऊन जाते, निवडणारा काही हाताला लागत नाही. मग एक लिहायचं काम दिलं, समोर जे चाललंय ते आधी ‘मी’ घालून लिहायचं आणि नंतर ‘मी’ काढून, पाठ टेकलेली आहे, पंख्याचा आवाज येतोय, गुडघा दुखतोय, आणि दोन्हीतलं जास्त खरं कुठलं ते बघायचं. मधे एकदा जाम भीती वाटली, पोटात गोळा आला, तर म्हणाले भीतीला हाकलू नको, ती कुणाला वाचवायला आलीय तेवढं बघ. बघितलं. भीती होती, पण जिला वाचवायचं ती वस्तू काही दिसेना.

रमण महर्षींचं तुम्हाला माहीत असेलच, १८९६, मदुराई, सोळा वर्षांच्या पोराला मरणाची भीती आली आणि तो ‘मरतं ते कोण’ हे आत बघत बसला, ते जास्त सांगत नाही. पण आपल्याकडच्या लोकांना एक माहीत नसतं आणि त्याचा मला फार राग येतो. मुंबईत खेतवाडीत विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज, ज्यांच्या माळ्यावरच्या खोलीत जगभरातनं गोरे लोक येऊन बसायचे आणि महाराज मराठीतनं झाडायचे, मग कुणीतरी इंग्रजी करून सांगायचं, त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज, आणि त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज, ते उमदीचे. उमदी म्हणजे आपल्या जत तालुक्यातली! आणि आपल्याला जत म्हटलं की दुष्काळ, टँकर आणि डाळिंब एवढंच आठवतं. इकडं साताऱ्याला सज्जनगड चढून फोटो काढून खाली येतात लोक, समर्थ काय सांगून गेले ते बघायचं नाही. असो.

आता बैठकीचं. आमचं गाव तासगाव तालुक्यात, आजोबांची जमीन, त्यात द्राक्षबाग. वडील गेले, वर्षश्राद्ध झालं, दुपारी जेवणं उरकल्यावर मामा, आत्या, मेव्हणे सगळे ओसरीवर बसलेले, बहिणीनं आधीच सांगितलेलं की मी हक्कसोड करते, तुम्ही दोघं भाऊ बघून घ्या. मी विषय काढला की खातेफोड करून घेऊ, अर्धं अर्धं. माझा आवाज पण चढलेला नव्हता. दादा पान लावत होता. आमच्या हिनं वहिनीला फोनवर कधीतरी सांगितलेलं की हे रोज मिरजेला जाऊन ‘मी कोण, मी कोण’ करत बसतात आणि आता म्हणतात मी नाहीच. ते त्यानं बरोबर डोक्यात ठेवलेलं. पान तोंडात घातलं, सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाला, “तू तर म्हणतोस मी नाहीच. मग हिस्सा देऊ कुणाला?”

हसले की सगळे. आत्या तर डोळे पुसायला लागली. माझे कान गरम झाले, तर ते बघून त्याचं दुसरं, “आता चिडलाय ते कोण मग? हाच की तुझा मी!” पुन्हा हशा. त्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा माझ्या मदतीला धावला, म्हणाला मामा बरोबर बोलतायत, प्रयोग झालाय, १९८३ मधे लिबेट म्हणून शास्त्रज्ञानं माणसांना मनगट हलवायला लावलं तर मेंदूतली तयारी हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली आणि ‘आता हलवावं’ ही जाणीव फक्त २०० मिलिसेकंद आधी, म्हणजे ठरवणारा मी नसतोच. आमच्या मामांनी विचारलं, मिलिसेकंद म्हणजे किती, आणि विषय गेला मोबाईलच्या स्पीडवर. जमीन राहिली बाजूला.

भाच्याचं प्रेम कळतं, पण तो प्रयोग असा फेकू नये. मनगट कधी हलवायचं आणि खातेफोड करायची का नाही ह्या दोन निवडींत फरक आहे, आणि मेंदूतला तो चढ म्हणजे ‘निर्णय’च असतो हे पण नक्की नाही, २०१२ मधे काही संशोधकांनी दाखवलं की मेंदूत आपोआप चाललेल्या चढउतारातनं पण तसाच चढ दिसू शकतो. ‘विज्ञानानं सिद्ध केलंय की मी नाही’ असं कुणी म्हटलं की समजायचं ह्यानं अर्धंच वाचलंय. स्वतः बघायचं तर त्या यंत्राची गरज पण नाही. ह्यूम नावाचा स्कॉटिश माणूस १७३९ मधे लिहून गेला की मी माझ्या आत शिरतो तेव्हा मला गरम, गार, राग, प्रेम असं काहीतरीच सापडतं, ‘मी’ म्हणून वेगळा कधी सापडत नाही. त्याच्याकडं ना काका होते ना यंत्र.

दादाला उत्तर मला नंतर सुचलं, यार्डात हळदीच्या पोत्यांच्या पावत्या लावताना. सातबारा घ्या. त्यावर नाव असतं. आता ते नाव शोधायला शिवारात जा. बांध सापडेल, विहीर, ड्रिपच्या नळ्या, ढेकळं, वेलींचे खुंट, नाव कुठंच उगवलेलं सापडणार नाही. म्हणून सातबारा खोटा झाला का? त्याच्यावर सोसायटी कर्ज देते, कोर्ट मानतं, आणि त्यात खाडाखोड करणाऱ्याला शिक्षा होते. नाव कामाचं आहे, जमिनीच्या पोटात कुणी बसलेला नाही, ह्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडं एवढंच उत्तर आहे. पोराची फी भरायची असते, ती भरली जाते. फी भरणारा एक बुटका माणूस डोक्याच्या आत खुर्ची टाकून बसलाय ही समजूत तेवढी जाते.

आणि मुख्य मुद्दा तर त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आला नाही. ‘मी नाही’ हे खरं असेल तर ते काय एकट्या मलाच लागू होणार? मग दादा पण नाही. मग ‘बाग मी जगवली’ हे जे तो उठता बसता ऐकवतो तो कुठला मी? माझ्या मीला बांधावरनं हाकलायचं आणि स्वतःच्या मीला बागेत कोच टाकून बसवायचं, हे कुठलं अध्यात्म? बाग त्यानं जगवली हे खरं आहे, मी नाकारत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की तो रात्र रात्र झोपत नाही, दावण्या म्हणजे बुरशीचा रोग आला तर घड जातात, औषधांच्या दुकानाची उधारी त्याच्या डोक्यावर असते. त्याचे कष्टाचे पैसे धरून हिशेब करू म्हणून मीच म्हटलं होतं, हिशेब तर माझा धंदाच आहे. पण त्याला हिशेब नको होता, टाळी पाहिजे होती.

काकांना हे सगळं सांगितलं तर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, तुझ्या भावाचा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. मिलिंद राजा, मूळचा ग्रीक, नागसेन भिक्षूला हेच विचारतो की नागसेन म्हणून कुणी नाही म्हणतोस तर मग तुला चीवर, म्हणजे भिक्षूची वस्त्रं, देतात ते कुणाला, भिक्षा खातो कोण, शील पाळतो कोण, आणि तुला कुणी मारलं तर मग खून पण नाही का? नागसेन म्हणतो, नाव हे व्यवहाराचं आहे. आणि पुढं त्याच संवादात आंब्याच्या चोराची गोष्ट आहे. एकानं दुसऱ्याचे आंबे चोरले, धरल्यावर म्हणतो मालकानं लावली ती कोय वेगळी होती, मी तोडले ते आंबे वेगळे, मी काय चोरलं? राजा स्वतःच म्हणतो, शिक्षा होणार, कारण हे आंबे त्या लावलेल्यातनंच आलेत. म्हणजे ज्या बौद्धांनी ‘आत्मा नाही’ म्हणून सगळ्यात ठासून सांगितलं त्यांनीच चोराला सोडलं नाही. आंब्याच्या जागी द्राक्षं धरा.

ह्याच्या उलट टोकाचे लोक पण बघितलेत. काकांकडं अधनंमधनं येणारा एक जण, भिशी उचलली आणि हप्ते बंद, विचारलं तर म्हणतो कर्ता कुणीच नाही, सगळं घडतंय. काकांनी त्याला उंबऱ्यावरनंच परत पाठवला, म्हणाले पैसे देणं पण घडू दे. ‘मी नाही’ हे ज्याला देण्याच्या वेळीच आठवतं आणि घेण्याच्या वेळी आठवत नाही त्यानं काही बघितलेलं नसतं, एक वाक्य पाठ केलेलं असतं.

राग जातो का, हे लोक फार विचारतात. नाही जात. बैठकीत आला तो चांगला सणसणीत आला. फरक एवढाच की पूर्वी असलं काही झालं की महिना महिना डोक्यात कोर्ट चालायचं, दादा आरोपी, मीच वकील, मीच जज. ते आता लवकर उठतं. हे उत्तर वाचून तुम्ही म्हणाल कुठं उठलंय, चालूच आहे की. घ्या म्हणा.

काही गोष्टी आधी सांगायला पाहिजे होत्या त्या आत्ता सांगतो. ज्यांना आधीच सगळं खोटं खोटं, स्वप्नात असल्यासारखं वाटतं, स्वतःचे हात परके वाटतात, पॅनिक येतात, किंवा डिप्रेशनची औषधं चालू आहेत, त्यांनी हे एकट्यानं करू नये, आधी मानसोपचारतज्ज्ञ. ती अवस्था आणि ही चौकशी ह्यात गल्लत करणारे गुरू आहेत बाजारात. पैसे मागणारा, पाया पडून घेणारा, किंवा ‘तुला झालं’ म्हणून सर्टिफिकेट देणारा भेटला तर चप्पल घाला आणि निघा. रमण महर्षींच्या वाटेनं गेलात तर शेवटी आत्माच उरतो म्हणतील, बौद्धांच्या वाटेनं गेलात तर तो पण नाही म्हणतील, ह्यावर भांडणाऱ्यांना भांडू दे, तुम्ही आधी सुरुवातीचा तो छोटा मी तर शोधा. माझं सगळं झालंय असा माझा दावा नाही, आणि दुसऱ्या कुणाला वेगळं दिसलं असेल तर त्यांनी लिहावं.

संसाराचं म्हणाल तर निसर्गदत्त महाराज गुरू गेल्यावर घर-धंदा सोडून निघाले होते, ते पण परत आले आणि पुन्हा दुकानात बसले. तुम्हाला काही सोडायची गरज नाही. फक्त घरात वाटणी बाकी असेल तर एक ऐका, सहमती असेल तर तहसीलदाराकडं जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होतं, कोर्टात जावं लागत नाही, सगळ्यांच्या सह्या मात्र लागतात. त्या सह्या आधी घ्या आणि मग ‘मी कोण’ला बसा. आणि बायकोला सांगणार असाल तर वहिनीला फोन करू नको म्हणून पण सांगा. आमचा दादा अजून सही करत नाही.