वाचकांचे प्रश्न : गाडीच्या कॅमेऱ्यात पाणी शिरतं कुठून?

प्रश्न : गाडीला बाहेरून (कंपनीकडून नव्हे) रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला आहे. पावसाळ्यात सकाळी चित्र धुरकट दिसतं, ऊन पडलं की दुपारपर्यंत साफ होतं. काचेभोवती सिलिकॉन भरला तर चालेल का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : कृपा करून भरू नका. दुपारी साफ होतं म्हणजे कॅमेऱ्याच्या आत बाष्प आहे, आणि ते बहुतेक वेळा मागून, केबलच्या बाजूने आलेलं असतं. उन्हात तापलेल्या कॅमेऱ्यातली हवा फुगलेली असते. त्यावर पावसाची सर किंवा धुण्याचं गार पाणी पडलं की ती आकसते, आतला दाब उतरतो आणि जिथे फट असेल तिथून ओल आत ओढली जाते. केबलच्या आवरणाखालच्या बारीक तारांमधून पाणी वातीत तेल चढावं तसं चढतं. पुढची काच बुजवलीत तर पाणी येतच राहील, फक्त बाष्पाला बाहेर पडायची वाट उरणार नाही.

आधी डिकीच्या दाराचं आतलं ट्रिम (प्लास्टिकचं आच्छादन) प्लास्टिकच्या पट्टीने उचकटून काढा. स्क्रूड्रायव्हरने क्लिपा तुटतात. मग कॅमेऱ्यापासून केबलचा माग काढा. बसवणाऱ्याने घाई केली असेल तर पिवळा आरसीए जोड (चित्राच्या तारेचा प्लग) नंबरप्लेटच्या मागच्या पोकळीत, म्हणजे गाडीच्या बाहेरच, साध्या काळ्या पीव्हीसी टेपमध्ये गुंडाळलेला सापडेल. हा टेप उन्हाने सैल होतो आणि त्याच्या आत पाणी साठून राहतं. जोड उघडल्यावर हिरवट पूड दिसली तर तांबं गंजलं आहे. काँटॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) फवारून नायलॉनच्या ब्रशने घासा. तार आतून काळी पडली असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. काळ्या तारेवर दिलेलं सोल्डर नीट धरत नाही.

खरा उपाय म्हणजे जोड डिकीच्या आत, कोरड्या जागी घेणं. ते जमण्यासारखं नसेल तर आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आकसून घट्ट बसणारी) वापरा. ती जोडण्याआधीच तारेवर चढवून ठेवावी लागते, हे अनेकांच्या नंतर लक्षात येतं. नाहीतर स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप घ्या. तो जवळजवळ दुप्पट ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर येईल असा गुंडाळा, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना ४-५ सेंमी केबलवर न्या. न ताणता गुंडाळला तर थर एकजीव होत नाहीत.

केबल पत्र्यातून आत शिरते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवाच. भोक पाडल्यावर कडेला प्रायमर लावला नसेल तर गंज तिथूनच सुरू होतो. भोकात शिरण्याआधी केबलला ५-७ सेंमीचा खाली लोंबता वळसा ठेवा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी गळून पडेल. ग्रोमेटची फट भरायला सिलिकॉन चालेल, पण न्यूट्रल क्युअर प्रकारचा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतो आणि जवळच्या तांब्याला गंज चढवतो. भरल्यावर २४ तास गाडी धुऊ नका.

ओला कॅमेरा काढून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झाकणबंद डब्यात दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायरच्या उष्णतेने लेन्सचा डिंक सुटू शकतो, आणि तांदळाच्या डब्यात ठेवल्याने फारसं काही साधत नाही. त्यानंतरही आत थेंब दिसले तर सील गेलं आहे; कॅमेरा बदला.

प्रश्न : खोक्यावर आयपी६७ लिहिलं आहे. मग प्रेशर वॉशरने धुवायला हरकत नाही ना?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : हरकत आहे. आयपी हा धूळ आणि पाण्यापासून बचावाचा दर्जा आहे. त्यातला पहिला ६ धुळीसाठी. दुसरा ७ म्हणजे १ मीटर खोल स्थिर पाण्यात ३० मिनिटं. फवाऱ्याची चाचणी वेगळी असते: दुसरा आकडा ५ असेल तर ६.३ मिमी तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर, ६ साठी १२.५ मिमी तोटीतून १०० लिटर. ७ मिळालेला कॅमेरा ५ किंवा ६ मध्ये टिकेलच असं मानता येत नाही. जवळून येणाऱ्या जोरदार गरम फवाऱ्यासाठी ९के हा वेगळा दर्जा आहे. त्यात ८० अंश सेल्सिअसचं पाणी ८० ते १०० बार दाबाने १०-१५ सेंमीवरून मारतात. शिवाय चाचणी नव्या नमुन्यावर होते, उन्हाने कडक झालेल्या रबरावर नाही, आणि कॅमेऱ्याच्या दर्जात मागचा जोड धरलेला असेलच असंही नाही.

वॉशिंग सेंटरवाल्याला आधीच सांगा: तोटी कॅमेऱ्यापासून किमान अर्धा मीटर लांब आणि धार थेट त्यावर नको. उन्हातून आणलेली गाडी आधी सावलीत गार होऊ द्या.

प्रश्न : कंपनीने बसवलेल्या ३६० अंशांच्या कॅमेऱ्यांवर थेंब साचतात. पाणी झटकणारं कोटिंग लावू का?
(एक वाचक, पणजी)

उत्तर : बाहेरच्या थेंबाने चित्र बिघडतं, कॅमेरा नाही. आधी गाडीचं मॅन्युअल पाहा. बाहेरची लेन्स प्लास्टिकची किंवा आधीच लेप दिलेली असू शकते. पॉलिश, मेण, थिनर, अमोनियाचा काच-क्लीनर यांपैकी काहीच नको. वाळलेला चिखल कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात. पाण्याने भिजवून मायक्रोफायबरने टिपा. धुकं आतून असेल तर फोटो काढून वॉरंटीत दाखवा. कॅमेरा उघडू नका आणि त्याची केबल कापून जोडू देऊ नका. नवा बसवल्यावर कॅलिब्रेशन करून घ्या, नाहीतर चार कॅमेऱ्यांची चित्रं एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रश्न : साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, तेव्हापासून रिव्हर्सला पडदा काळा.
(एक वाचक, पनवेल)

उत्तर : पुन्हा पुन्हा रिव्हर्स टाकून पाहू नका. ओल्या जोडातून वीज गेली की गंज झपाट्याने वाढतो. कॅमेऱ्याचा फ्यूज काढा, जोड सोडवा, चिखल असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा, काँटॅक्ट क्लीनर मारा आणि पूर्ण वाळू द्या. मग फ्यूज परत बसवा. कॅमेरा बाहेरून बसवलेला असेल तर इंजिन बंद, इग्निशन चालू आणि हँडब्रेक ओढून रिव्हर्स टाका आणि मल्टिमीटरने त्याच्या लाल-काळ्या तारांवर मोजा. १२ व्होल्टच्या आसपास येत असेल तर दोष कॅमेऱ्यात किंवा व्हिडिओच्या जोडात आहे. ११ च्या खाली असेल तर आधी बॅटरी तपासा. ती ठीक असेल तर काळी तार पत्र्याला जिथे कसली आहे तो अर्थिंगचा जोड खरवडून स्वच्छ करा आणि पुन्हा मोजा. अजिबात काही येत नसेल तर फ्यूज आणि रिव्हर्स लाइटचा बल्ब पाहा, कारण बाहेरून बसवलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना वीज त्याच तारेवरून दिलेली असते.